पाण्यावर बसवलेला प्रोग्राम

पीएचपी ही बोलायची भाषा नाही, हे लोकांना समजावण्यात माझा एक अख्खा उन्हाळा गेला. आमच्या महाराजपूरच्या कॉलनीत मराठी, हिंदी, बुंदेली आणि भांडताना तिन्हींची खिचडी चालते. त्यात आणखी एक कशाला, असा एकंदर सूर होता. शेजारच्या डोमाजीकाकांनी तर ही कोणत्या मुलखात बोलतात असं विचारलं. मी म्हटलं, काका, कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा आहे ही, हिच्यात वेबसाइट लिहितात. काका जरा विचार करून म्हणाले, मग कॉम्प्युटरले काहून शिकवत बसला, पोरीले मराठी शिकवायची होती. आमच्या मुलीला, शैलजाला, मराठी सगळी समजते, पण बोलायला तोंड उघडलं की हिंदी बाहेर येते. आता ती पुण्यात नोकरीला आहे, आणि पुण्याचे लोक तिला तू मूळची कुठली असं विचारतात.

मी सरकारी नोकरीत, आकडेवारीच्या विभागात. खात्याने एकदा भोपाळला प्रशिक्षणाला पाठवलं. जाणार होते माझ्या वरचे साहेब, पण त्यांच्या घरी लग्न निघालं आणि शासनाची निवड माझ्यावर येऊन पडली. परत आलो तो पीएचपी शिकून आणि प्रमाणपत्र घेऊन. ते फ्रेम करून बैठकीत लावलं आहे, बाबासाहेबांच्या फोटोखाली, आदराने थोडं अंतर सोडून. त्या विद्येवर मी खात्याची वेबसाइट बनवली. ती आजतागायत एकदाही बिघडली नाही. ती कोणी उघडत नाही हे त्यामागचं एक कारण असेल, पण न बिघडणं ते न बिघडणंच.

आता पाण्याचं सांगतो. कॉलनीच्या तोंडाशी एक मोठा हौद आहे. त्यात नळाचं पाणी येतं आणि तिथून ज्याने त्याने आपली मोटर लावून घरी ओढायचं. पाणी कधी येईल ह्याचा नेम नाही. कधी पहाटे, कधी ऐन दुपारी. जो आधी मोटर लावेल त्याची टाकी भरते, आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्याला हौदाचा तळ दिसतो. टोकाला आम्ही आणि डोमाजीकाका. म्हणून घरोघर पाळी लावली होती. ज्याची पाळी, त्याच्या घरचं माणूस हौदापाशी खुर्ची टाकून बसणार आणि पाणी आलं की गल्लीभर हाका मारत फिरणार. घरचं माणूस म्हणजे घरची बाई, हे कोणी ठरवलेलं नव्हतं, पण पाठ सगळ्यांना होतं.

त्या वर्षी माझ्या बायकोला, प्रतिमाला, स्कूटर शिकायची होती. आधारतालच्या एका मैदानावर एक बाई सकाळी बायकांना शिकवायच्या. पाळी आली की प्रतिमाचा वर्ग बुडे. पाळी नसली तरी बुडे, कारण जिची पाळी असेल तिला नेमकं त्याच दिवशी बरं नसे आणि लोक प्रतिमाकडे येत. तिचा आवाज टोकापर्यंत पोचतो, हा तिचा गुन्हा. एकदा ती जेवायला वाढता वाढता म्हणाली, "हौदापाशी बसण्यातच जन्म जाणार असेल तर निदान हौदाला माझं नाव तरी द्या."

ती चिडून बोलली असती तर मी विसरलो असतो. ती साधेपणाने बोलली, म्हणून ते वाक्य मला दोन घासांच्या मध्ये अडकलं.

त्याच आठवड्यात कॉलनीची बैठक झाली. आमचे अध्यक्ष चौकसेजी. हौदाला लागून पहिलंच घर त्यांचं. त्यांच्या मेव्हण्याचा रिछाईत भोंगे बनवायचा कारखाना आहे, तेव्हा त्यांनी हौदावर भोंगा बसवायची सूचना मांडली आणि नमुना वाजवूनही दाखवला. तो वाजताच डोमाजीकाका उठून उभे राहिले आणि डब्याची पिशवी शोधू लागले. फॅक्टरीतून रिटायर होऊन त्यांना वर्षं झाली आहेत. गल्लीतली कुत्री बराच वेळ भोंग्याला उत्तर देत होती. त्या शांततेत, म्हणजे त्या नसलेल्या शांततेत, मी उभा राहिलो आणि सांगितलं की भोंगा नको, पाळी नको, कोणी बसायला नको. हौदात एक तरंगता डबा सोडू, त्याची तार माझ्या घरच्या कॉम्प्युटरला जोडू, कॉम्प्युटरला एक जुना मोबाइल जोडू. डबा वर आला की माझा पीएचपीचा प्रोग्राम सगळ्यांच्या फोनवर निरोप पाठवेल. प्रोग्राम झोपत नाही, आजारी पडत नाही, आणि त्याला स्कूटर शिकायची नसते.

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं असं प्रतिमाच्या चेहऱ्यावरून वाटलं, पण टाळ्या पडल्या. चौकसेजींनी भोंगा कागदात गुंडाळून ठेवला, पण फेकला नाही.

शैलजाला फोन करून सांगितलं. वाटलं, बापाचं कौतुक करेल. ती म्हणाली, "पापा, पीएचपी दिहाड़ी मज़दूर है। आता है, काम करता है, घर चला जाता है। उसको चौकीदार मत बनाओ।"

तिचं म्हणणं असं की ही भाषा वेब पानासाठी केलेली. कोणी पान उघडलं की ती उठते, पान तयार करून हातात देते आणि तिथल्या तिथे मरते. पुढचा आला की नवा जन्म, मागचं काही आठवत नाही. अशीला तुम्ही महिनोन् महिने जागं ठेवणार, तिचे हाल होतील आणि तुमचेही. ह्या कामाला दुसऱ्या भाषा आहेत. मी विचारलं कोणत्या, तर तिने दोन-तीन नावं सांगितली. मला त्यातली एकही येत नव्हती. मी म्हटलं, बेटा, भाषा वाईट नसते, वापरणारा वाईट असतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे वाक्य माझ्याच विरुद्ध जाऊ शकतं.

पहिला अडथळा तारेचा. हौदापासून माझ्या घरापर्यंत तार न्यायची तर मध्ये सार्वजनिक रस्ता. मी सरळमार्गी माणूस, परवानगी मागायला गेलो. पहिल्या कार्यालयात सांगितलं की तार आहे म्हणजे विजेवाल्यांकडे जा. तिथले बाबू म्हणाले, हिच्यातून दिवा लागतो का, पंखा फिरतो का, नाही ना, मग ही आमची तार नाही, टेलिफोनवाल्यांकडे जा. तिथे विचारलं की हिच्यातून कोणी बोलणार आहे का. मी म्हटलं नाही. मग हिच्यातून जातं तरी काय, असं त्यांनी विचारलं आणि मी विद्वत्तेच्या भरात बोलून गेलो की सूचना. ते म्हणाले, सूचना असेल तर सूचना विभाग, म्हणजे सरकारी कार्यक्रमांची प्रसिद्धी करणारं खातं. मी तिथेही गेलो. तिथल्या साहेबांनी मला चहा पाजला आणि विचारलं की कार्यक्रमाला मंत्री कोण येणार आहेत. शेवटी डोमाजीकाकांच्या घरच्या कुसुमबाईंनी तोडगा सांगितला. गल्लीत रस्त्यावरून कपडे वाळवायच्या दोऱ्या ह्या घरातून त्या घरात गेलेल्याच आहेत, त्यांना कधी कोणी परवानगी विचारली? तार दोरीसोबत गुंडाळून आणली. तिच्यावर साड्या वाळू लागल्या आणि शासनाचा प्रश्न मिटला.

कॉम्प्युटर कुठल्या दिशेला ठेवायचा ह्यावर सल्ले आले. त्याला लिंबू-मिरची बांधावी की नाही ह्यावर आले. गॅसची टाकी येणार असल्याचंही तो सांगेल का, आणि सून घरातून निघाल्याचं सांगेल का, अशी विचारणा झाली. मी सगळ्यांना हो-हो म्हणत प्रोग्राम लिहीत होतो. लिहिला. चालू केला. अर्ध्या मिनिटात तो मेला.

पुन्हा चालू केला, पुन्हा मेला. पुस्तकात पाहिलं तर तसा नियमच निघाला: ठराविक वेळात काम संपलं नाही की ही भाषा स्वतःच थांबते. मर्यादा उठवायची असेल तर त्या जागी शून्य लिहायचं. आमच्या खात्यात शून्याचा अर्थ शून्यच होतो, इथे अमर्याद होतो. शून्य लिहिलं, आणि प्रोग्राम जगला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आलं, आणि कॉलनीतले सगळे फोन एकदम वाजले: पानी आ गया है. मी ऑफिसात होतो. मलाही निरोप आला आणि तो मी साहेबांना दाखवला. प्रतिमा सकाळी वर्गाला जाऊन आली होती, गुडघा खरचटला होता आणि ती बेहद खूश होती. संध्याकाळी कुसुमबाईंनी वाटीभर खीर पाठवली. मी ती कॉम्प्युटरसमोर बसून खाल्ली, दोघांच्या वतीने.

आपलं पोर नीट झोपलं आहे ना म्हणून आई जशी उठून उठून पाहते, तसा मी प्रोग्राम चालू आहे ना म्हणून येता-जाता त्याचं पान उघडून पाहू लागलो. ऑफिसला जाताना, आल्यावर, भाजी निवडताना. मला काय माहीत की पान उघडलं की दर वेळी एक नवा प्रोग्राम जन्माला येतो, आणि पान बंद केलं तरी आधीचे मरत नाहीत, कारण मरायची मर्यादा मीच उठवली होती. आठवडाभरात माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात एक अख्खं एकत्र कुटुंब नांदायला लागलं आणि सगळे त्या एका डब्याकडे टक लावून बसले.

मग पाणी आलं. प्रत्येकाने आपापला निरोप पाठवला. कॉलनीतले फोन वाजायला लागले ते थांबेचनात. कुसुमबाईंचा फोन कणकेत पडला आणि कणकेतून वाजत राहिला. पहिल्या निरोपाला ज्यांनी मोटर लावून बंद केली, त्यांना पुढच्या निरोपांवरून वाटलं की पुन्हा नवं पाणी आलं. त्यांनी पुन्हा लावल्या. हौदात नव्हतं ते पाणी ओढून दोघांच्या मोटरी जळाल्या. टोकाला आमच्याकडे थेंब नाही. मी कॉम्प्युटरची वायरच उपटली आणि सगळं कुटुंब एकदम निवर्तलं.

त्यातून शिकलो. एका वेळी एकच प्रोग्राम चालेल अशी तजवीज केली. मग दोन दिवस पाणीच आलं नाही, मोठा पाइप फुटला होता. तिसऱ्या दिवशी आलं, तेव्हा कॉलनीत एकही फोन वाजला नाही. लोक निर्धास्त घरात बसले होते. दुपारी कोणीतरी सहज हौदाकडे गेलं, तर पाणी येऊन, पहिल्या दोन-चार घरांत भरून संपलेलं होतं.

झालं होतं असं की मी आकडेवारीचा माणूस, म्हणून प्रोग्रामला शिस्त लावली होती: पाणी आलं की आधी त्याची नोंद करायची, मग निरोप. नोंदी ठेवणारा डेटाबेस म्हणजे वेगळा कारभारी. त्याच्याशी दोन दिवस कोणी बोललंच नाही, तेव्हा त्याने आपलं दार लावून घेतलं. प्रोग्राम दार ठोठावत राहिला. पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं होतं की सर्व्हर निघून गेला आहे. चौकसेजींना मी ते तसंच वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, कहाँ गया, आणि माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीत डोकावून पाहिलं.

त्या संध्याकाळी चौकसेजी भोंगा घेऊन आले. कागदातून काढून तो त्यांनी आमच्या टेबलावर ठेवला आणि अगदी नम्रपणे सांगितलं की आणखी एकदा असं झालं तर हा बसेल, आणि मेव्हणा बसवून होईपर्यंत पाळी पुन्हा सुरू होईल, पहिली पाळी आमची. प्रतिमा पाणी घेऊन आली होती. तिने भोंग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पेला भोंग्याशेजारी ठेवून आत गेली.

शैलजाला पुन्हा फोन केला. ह्या वेळी तिने चेष्टा केली नाही. तिने सांगितलं की पापा, त्याला जागं ठेवूच नका. कॉम्प्युटरमध्ये एक घड्याळ असतं, त्याला सांगून ठेवायचं की दर मिनिटाला ह्याला उठव. हा उठेल, एकदा हौदाकडे पाहील, पाणी असलं तर सांगेल आणि मरेल. पुढच्या मिनिटाला नवा. मला ते पटलं नाही. दर मिनिटाला उठवावं लागणारा चौकीदार तो कसला चौकीदार? आमच्या ऑफिसात तसे खूप आहेत. मी म्हटलं, नाही, हा जागाच राहील, आणि डेटाबेसने दार लावू नये म्हणून अधूनमधून त्याच्याशी दोन शब्द बोलत जाईल.

मग दयारामजी आले. हे पूर्वी आमच्या कॉलनीत होते, उन्हाळ्याच्या मध्यात सिहोऱ्याला मुलाकडे राहायला गेले. सिहोऱ्याहून बसने आले, धुळीने माखलेले, आणि बसायच्या आधी खिशातून फोन काढला. पाण्याचे निरोप त्यांना अजून येत होते. मी त्यांचा नंबर यादीतून त्याच आठवड्यात काढला होता, ती यादी त्यांना दाखवलीही की पाहा, नाही आहे. पण प्रोग्रामने यादी वाचली होती ती चालू होताना, एकदाच. तेव्हापासून तो जिवंत होता आणि जुन्या आठवणीवर चालला होता. दयारामजी म्हणाले की आमच्या घरी अंगणात हातपंप आहे, पाण्याला तोटा नाही, तरी निरोप आला की मिसेस हातातलं काम टाकून बादल्या भरायला धावते. सवय आहे तिची. घरात भांडी उरली नाहीत.

"गजभिये साहेब," ते म्हणाले, "मी हे गाव सोडलं ते ह्या हौदापासून सुटायला. हौद सिहोऱ्यापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं."

त्यांना जेवायला घातलं, बसस्टँडवर सोडलं आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. त्यानंतर मी त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं, कारण पुढल्या रविवारी डोमाजीकाकांच्या नातीचा, वसुधाचा साखरपुडा होता. कॉलनीच्या मैदानात मांडव पडणार होता, नागपूर-भंडाऱ्याचे पाहुणे येणार होते, स्वयंपाक काकांच्या अंगणात. काकांनी टँकर सांगितला नाही. लोकांनी सांगा म्हटलं तर ते म्हणाले, देवीदासचा कॉम्प्युटर आहे ना. माझ्यावर असा भरवसा माझ्या खात्याने कधी ठेवला नाही.

आणि त्याच रविवारी सकाळी प्रतिमाची स्कूटरची शेवटची परीक्षा होती. शिकवणाऱ्या बाई स्वतः घेणार होत्या, भर रस्त्यात, रहदारीतून.

रविवारी चहा घेऊन कॉम्प्युटरपाशी आलो तर पडदा गोठलेला. हात लावला तर कॉम्प्युटर तव्यासारखा तापलेला. प्रोग्राम आठवडाभर डब्याकडे पाहत होता आणि पाहिलेलं सगळं जपून ठेवत होता. एक पाहणं फेकून देत नव्हता. पानाच्या कामात हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण पान झालं की सगळं मरतं, आठवणीही मरतात. इथे मरण मीच बंद केलं होतं. आठवणींनी कॉम्प्युटरचा श्वास कोंडला. बंद करून चालू करायला गेलो, तर तो चालूच होईना.

आतून प्रतिमाने विचारलं की सगळं ठीक आहे ना, नाहीतर ती परीक्षा राहू देते आणि हौदापाशी बसते. तिने नवी साडी नेसली होती आणि पदर कमरेला घट्ट खोचला होता.

मी म्हटलं, "एकदम ठीक आहे. तू जा."

ती गेली. मी निरोपांचा जुना मोबाइल कॉम्प्युटरपासून सोडवला, खिशात घातला, छत्री घेतली आणि मागच्या गल्लीने हौदाशेजारच्या पंपघराकडे गेलो. उघड खुर्ची टाकून हौदापाशी बसलो असतो तर काही बिघडलं नसतं, हे आज कळतं. पण चौकसेजी समोरच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते आणि माझी इज्जत त्यांच्या नजरेच्या टप्प्यात होती. पंपघराला मागून शिडी लावलेली असते. वर चढलो आणि पाण्याच्या टाकीआड छत्री धरून बसलो.

तिथून हौदही दिसत होता आणि सगळ्यांची अंगणंही. ऊन चढत गेलं. खाली मांडवात खुर्च्या लागत होत्या, मसाल्याचा वास येत होता, आणि मी हौदाकडे पाहत होतो. प्रोग्राम लिहिताना मी हेच काम एका ओळीत लिहिलं होतं: पाहत राहा. ती ओळ लिहायला फार वेळ लागला नव्हता.

बऱ्याच वेळाने पाइपात गुरगुर झाली, आणि पाणी आलं. मी सगळ्यांना निरोप पाठवला: पानी आ गया है. मोटरी सुरू झाल्या. तेव्हाच दिसलं की कुसुमबाईंचा पाइप मोटरपासून निघाला आहे आणि पाणी मांडवाकडे वाहत आहे. मी घाईने त्यांना लिहिलं, कुसुमबाई, आपका पाइप निकल गया है. कुसुमबाईंनी फोन वाचला, पाइपाकडे पाहिलं, फोनला हात जोडले आणि पाइप बसवला. मला जरा स्फुरण चढलं. एका घरची टाकी भरून वाहत होती, त्यांना सांगितलं. डोमाजीकाका उन्हात उघड्या डोक्याने उभे होते, त्यांना टोपी घालायला सांगितलं. त्यांनी निमूटपणे घातली.

मग माझी नजर चौकसेजींच्या अंगणात गेली. त्यांची मोटर ओट्याजवळ चालली होती, सगळ्यांना दिसते ती. पण मागे, तुळशीच्या आड, दुसरी एक मोटर चालली होती. गल्लीच्या टोकाला पाणी का पोचत नाही ह्यावर आम्ही कितीक बैठका घेतल्या होत्या, आणि त्या सगळ्यांचे अध्यक्ष चौकसेजी होते. मी फक्त त्यांनाच लिहिलं: चौकसेजी, तुलसी के पीछे वाली मोटर बंद कर दीजिए.

चौकसेजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, मग कपड्यांच्या दोरीवरच्या माझ्या तारेकडे पाहिलं, मग पाय न वाजवता मागे गेले आणि मोटर बंद केली. त्या दिवशी पहिल्यांदा पाणी टोकापर्यंत आलं. काकांच्या अंगणातल्या टाक्या काठोकाठ भरल्या, स्वयंपाक्यांनी कढया घासल्या, आणि पाहुण्यांच्या गाड्या आल्या तेव्हा हात-पाय धुवायला घंगाळं भरून ठेवलेलं होतं. मी वरून वसुधाला हिरव्या साडीत येताना पाहिलं. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही छत्री काखेत धरून वाजवल्या.

उतरायला गेलो तर शिडी नव्हती. मांडववाले तोरण बांधायला घेऊन गेले होते.

हाक मारणं शक्य नव्हतं. खाली जेवणं सुरू झाली, मला वरून जिलेबी दिसत होती. लोक एकमेकांना विचारत होते की गजभिये कुठे आहेत, आणि चौकसेजी सांगत होते की ते कॉम्प्युटरपाशी असतील, आज त्यांना उठवू नका. शेवटी मागच्या गल्लीत स्कूटरचा आवाज आला. प्रतिमा होती. स्कूटरला हार घातलेला होता, म्हणजे ती पास झाली होती. ती पंपघरापाशी थांबली, पाय टेकला आणि वर पाहिलं. छत्री आमच्याच घरची होती.

ती मांडवात जाऊन शिडी घेऊन आली आणि भिंतीला लावली. मी पायऱ्या मोजल्यासारखं करत उतरलो, शेवटची चुकली.

"किती वेळ बसला होता?" तिने विचारलं.

मी म्हटलं, सकाळपासून. ती माझ्या भाजलेल्या नाकाकडे पाहत राहिली आणि मग इतकी हसली की तिला शिडी धरून उभं राहावं लागलं. मग म्हणाली, बसा मागे. तिच्या मागे स्कूटरवर बसलेला पहिला माणूस मी. कॉलनीतून तिने मला मांडवापर्यंत नेलं, वाटेत दोनदा विनाकारण हॉर्न वाजवला, आणि सगळ्यांच्या देखत उतरवलं.

त्यानंतर शैलजा सुटीत आली, कॉम्प्युटर दुरुस्त झाला, आणि तिने सांगितलं तसं मी केलं. आता घड्याळ दर मिनिटाला पीएचपीला उठवतं, ती हौदाकडे एकदा पाहते आणि मरते. यादी दर वेळी नव्याने वाचते, त्यामुळे सिहोऱ्याला शांतता आहे. तिला काही आठवत नाही म्हणून ती कधी थकत नाही. पूर्वजन्मावर आमच्या घरात कोणाचा विश्वास नाही, पीएचपीचा तर मुळीच नाही. आधी सांगून झालं आहे का ते ती डेटाबेसमधल्या नोंदीत पाहते, म्हणून पाणी आलं की एक निरोप येतो, साधा, वेळेवर, प्रत्येकाला एकदा.

कॉलनीला तो आवडला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर बैठक झाली आणि पहिला विषय हाच निघाला. कुसुमबाई म्हणाल्या की हा नुसता पाणी आलं म्हणतो, पाइपाचं काही बोलत नाही. कोणी म्हणालं, टाकी वाहिली तरी हा गप्प. डोमाजीकाका उभे राहिले.

"देवीदास, तो साखरपुड्याच्या दिवशीचा जुना होता ना, तोच लाव बापा. त्याले माणसाची ओळख होती."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी उशी पाठीशी घेऊन बसलो होतो. प्रतिमा दाराशी उभी होती, हातात स्कूटरची किल्ली.

"तो जुना आता चालणार नाही, काका," ती म्हणाली. "त्याच्या कमरेत चमक भरली आहे."

काका गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. तेवढ्यात चौकसेजी घाईघाईने उठले आणि ठराव मांडला की नवीन प्रोग्रामच ठेवावा.

"मशीन ही तो है, गजभियेजी," ते मला म्हणाले. "उसको अब आराम करने दीजिए।"